दिवसभराचा भिया

"पायांनो रे माझ्या पायांनो, आता कुठं धावाल…"

चौदा वर्षं झाली या आवाजाला. माझी मोठी बहीण गंगी लग्न होऊन तांड्यातून निघाली, त्या दुपारचा हा आवाज. आमच्यात सासरी निघालेली नवरी एकेकीच्या गळ्यात पडून गाते, आणि गाता गाता रडते. त्या गाण्याला ढावलो म्हणतात. ढावलोत कशासाठी रडायचं हे ठरलेलं असतं – याडीची म्हणजे आईची कूस, बापाचं अंगण, भावाची सावली, दावणीची गाय. गंगीनं ते सगळं म्हटलं. आणि मग एकाएकी, कुणी शिकवलेलं नसताना, ती स्वतःच्या पायांना हाका मारू लागली…

माळावरची वाट गं, माझ्या टाचांनी मळली,
उंबऱ्याच्या आत आता, माझी पावलं गळली…

सगळ्या नवरीमुलींना ढावलो शिकवणारी हंसाबाई, तिचा पदर डोळ्यांपाशी तसाच थांबला. "पायासाठी कोणी रडते काय वो?" ती पुटपुटली.

मी नऊ वर्षांची होते. मांडवाच्या खांबाला धरून उभी होते. मला मात्र कळलं. फुलसावंगीकडच्या साऱ्या तांड्यांत गंगीसारखं धावणारं कुणी नव्हतं. आता ती फक्त एसटीच्या मागे धावते, आणि एसटी काही तिच्यासाठी थांबत नाही.

त्या दिवशी मी मनाशी गाठ मारली. मैदान सोडावं लागेल असं लग्न करायचं नाही. मग लग्नच नाही झालं तरी चालेल.

म्हणूनच गेल्या डिसेंबरातल्या त्या सकाळी, लोहाऱ्याच्या एमआयडीसीमागच्या मैदानावर मी स्कोररच्या टेबलाशी बसले होते, तेव्हा माझं उत्तर तयार होतं. पंधरा वर्षांखालच्या मुलींची बेसबॉल स्पर्धा होती. मी बी.पी.एड.च्या शेवटच्या वर्षाला, आणि स्कोरशीट लिहिण्यात जिल्ह्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मीच सगळ्यांना सांगत असे.

सकाळी सातला बाचा फोन आला होता.

"बाई, घाटंजीचे पाहुणे विचारून राह्यले. रविवारी येऊ का म्हणतात. पाच वाजेपर्यंत सांग मले. मंग मी त्यायले कळवतो."

"बा, मी तं आत्ताच—"

"आत्ता नको. दिवसभर इचार कर. पाचले फोन करतो."

बाला घाईचं उत्तर आवडत नाही, त्यातून नकार तर नाहीच.

मुलाचं नाव शाम पवार. एवढंच मला ठाऊक होतं. आणि मध्यस्थानं आणलेली ती अट – पोरगी शिकलेली चालेल, नोकरी केली तरी चालेल, पण लग्नानंतर पोट्ट्यांसंगं मैदानावर पळणं बंद. त्याचा फोटो मोबाइलवर येऊन आठ दिवस झाले होते. मी तो उघडला नव्हता.

"एकदा पाह्य तं खरं," माझी मैत्रीण दीपा म्हणाली. पोरींच्या गुडघ्यांना मलम लावायचं काम तिच्याकडे होतं. "फोटोनं काय लगन होते काय?"

"अर्धं होते," मी म्हटलं.

तेवढ्यात मैदानाच्या कडेला कापसानं लादलेला एक टेम्पो थांबला. वरून एक माणूस उतरला. डोकं सगळं पांढरं, भुवया पांढऱ्या, खांद्यांवर पांढरं. हातात अंपायरची जाळीची टोपी. धापा टाकत तो माझ्या टेबलाशी आला. मला बिचाऱ्याची दया आली. या वयात, या थंडीत!

"बसा काका," मी खुर्ची पुढे केली. "पाणी देऊ का तुमाले?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग त्यानं डोकं जोरात झटकलं… आणि कापूस उडाला. स्कोरशीटवर, टेबलावर, माझ्या ओढणीवर – पांढरा, हलका, बिनपाण्याचा पाऊस. त्या पावसातून काळेभोर केस निघाले. काळ्या भुवया. आणि त्यांच्याखाली हसू दाबून धरलेले दोन डोळे.

मी थिजले. दीपा खो-खो हसत सुटली.

"पाणी चालते," तो म्हणाला, "काकाले बसायला मात्र टाइम नाही. बस चुकली, कापसाच्या गाडीवर बसून आलो."

तो पाठमोरा वळून पाणी प्यायला, तेव्हा त्याच्या शर्टाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत छापलेलं दिसलं – राठोड.

मी अंजू हिरासिंग राठोड. आमच्यात राठोडाला राठोड भाऊ. पाहिलेला असो नसो, ओळखीचा असो नसो, एका कुळीची पोरं-पोरी भाऊ-बहीणच. तिथं दुसऱ्या कशाला जागाच नाही. बरं झालं, मी मनाशी म्हटलं. फारच बरं झालं. समोरच्या कागदावर अंपायरांची नावं होती, त्यात उकंडा राठोड होतंच.

"उकंडा भिया ना तुमी?" मी विचारलं. "मी पण राठोड. फुलसावंगीकडची."

तो गर्रकन वळला. भिया म्हणजे आमच्या गोरबोलीत भाऊ. हा शब्द ऐकून त्याचा चेहरा असा झाला, जशी चालत्या माणसाच्या वाटेत दोरी आडवी यावी. तो हात हलवून काहीतरी सांगू लागला, पण नेमका तेव्हाच मैदानावरचा भोंगा कानठळ्या बसवत किंचाळला. ओठ हललेले दिसले, शब्द काही आले नाहीत. मग शिट्टी झाली, आणि तो टोपी चढवत होमप्लेटकडे पळाला.

काकाचा भिया व्हायला एक मिनिटही लागलं नव्हतं.

*

फायनल महागाव आणि वणीची होती. महागावच्या संघात आमच्या शेजारच्या तांड्यातली पंचफुला कॅचर होती, तेरा वर्षांची, काटकुळी. दुसऱ्याच डावात चेंडू तिच्या बोटावर बसला आणि ती मटकन खाली बसली. अंपायर तिच्यासमोर उकिडवा झाला. जाळी वर केली. तिचं बोट हळूच हलवून पाहिलं आणि म्हणाला, "रो मत… कांई कोनी हुयो."

रडू नको, काही झालं नाही. आमच्याच बोलीत, आमच्याच हेलात. आता तर शंकाच उरली नाही. आणि एकदा भिया ठरला, की तुमी कशाला? मी सरळ 'तू'वर आले.

डावाच्या मधल्या सुट्टीत तो स्कोर पाहायला टेबलाशी आला.

"काय रे भिया, मघाशी पंचफुला घसरत होमला आली, ती आऊट होती."

"सेफ होती."

"आऊट होती. माह्या तालुक्याची पोरगी आहे, तरी सांगून राह्यली."

"स्कोररनं लिहायचं असते, पाहायचं नसते."

"आंधळ्याचं ऐकून लिहावं लागते, हेच तं दुःख आहे, भिया."

तो टेबलावर दोन्ही हात टेकून वाकला. जाळीच्या मागे डोळे चमकले. "आंधळा असतो, तं कापसातून तुह्या टेबलापर्यंत आलो असतो काय?"

माझ्या हातातली पेन्सिल उगाचच कागदावर फिरत राहिली. "जाय भिया, पिचर वाट पाहून राह्यली," मी म्हटलं.

दीपा मलमाची डबी मिटत होती. "काय वो अंजे, दर वाक्याले भिया, भिया? जप करून राह्यली काय?"

"भाऊच आहे माहा."

"म्या कुठं नाही म्हटलं?" दीपा म्हणाली, आणि तिनं माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी खाली मान घालून गुण मोजू लागले. ते आधीच मोजून झाले होते.

*

अकराला चहा झाला. दीपा पोरींकडे गेली होती. बाभळीच्या सावलीत तो बसला, त्याच्या शेजारी मी. भाऊ म्हटल्यावर बोलायला काय हरकत? मी त्याला गंगीचं सांगितलं. ढावलोचं सांगितलं, पायांच्या ओळीपर्यंत. आजवर ही ओळ मी दीपालाही म्हणून दाखवली नव्हती. तो चहा प्यायचा विसरून ऐकत होता.

"म्हणून पाचले बाले सांगायचं आहे," मी म्हटलं. "नाही म्हणून."

"कोणाले नाही?"

"घाटंजीचा आहे कोणी. शाम पवार."

चहा त्याच्या नाकातून बाहेर आला. काय तो ठसका! डोळ्यांत पाणी, तोंड लाल. मी त्याच्या पाठीत चांगल्या चार बुक्क्या घातल्या, सख्ख्या बहिणीनं घालाव्यात तशा.

"हळू पे ना भिया. कोणी तुहा कप नेऊन नाही राह्यलं."

"त्या… त्या पवारात वाईट काय आहे?" तो खोकत म्हणाला.

"मले काय माहीत? फोटोच पाह्यला नाही."

"काहून?"

"चांगला निघाला तं नाही म्हणता येत नाही."

"आणि चांगला नसला तं?"

"तं दया येते. ते तं आणखी खराब."

तो हसला नाही. मी पुढे बोलले, "आणि त्यायची अट आहे. लग्नानंतर मैदान बंद."

त्यानं कप खाली ठेवला. तो माझ्याकडे असा पाहू लागला, जणू मी त्याच्या तोंडावर काही मारलं होतं.

"असं त्या… शामनं म्हटलं?"

"घरच्यायनं म्हटलं म्हंजे त्यानंच म्हटलं. त्याले तोंड नाही काय?"

"असन तोंड. कोणी त्याले विचारलंच नसन."

"तू कायले त्याची वकिली करून राह्यला? भिया माहा आहेस का त्याचा?"

"दोघायचाही नाही," तो हळूच म्हणाला. मला वाटलं, थट्टा.

"एक काम कर ना भिया. घाटंजीत तुह्या ओळखीचं कोणी असन. जरा चौकशी कर त्याची. दारू पेते का, तोंडाचा कसा आहे, सगळं."

"दारू पेत नाही."

"तुले कसं माहीत?"

त्याची नजर बाभळीच्या शेंड्यावर गेली. "म्हंजे… तसे पवार कमी पेतात."

मी इतकी हसले, की शिट्टी झालेली मला ऐकूच आली नाही.

*

महागाव दोन धावांनी जिंकलं. जिंकलेल्या-हरलेल्या सगळ्या पोरींना आणि आम्हा काम करणाऱ्यांना दुपारी घाटंजी रस्त्यावरच्या नव्या थीम पार्कला न्यायचं, हे आयोजकांनी आधीच कबूल केलं होतं. पार्कचं नाव जंगलजादू. दाराशीच फायबरचा एक भलामोठा वाघ. कुणी जवळ गेलं, की तो डोळे लाल करून गुरगुरतो. टिपेश्वरच्या जंगलातल्या खऱ्या वाघानं ज्यांच्या गोठ्यातली वासरं नेली, त्या तांड्यांतल्या पोरी या वाघाला पाहून किंचाळत दूर पळाल्या, आणि मग पुन्हा किंचाळायला परत आल्या.

पण माझं लक्ष वाघाकडे नव्हतं. वाघाच्या चौथऱ्याला टेकून तो फोनवर बोलत होता. बोलत कसला, भांडत होता. दिवसभर ज्याचा आवाज चढला नाही, वणीचे कोच तोंडावर येऊन ओरडले तरी चढला नाही, तो आता ओरडत होता.

"मले विचारलंतं काय काका? एका शब्दानं विचारलंतं?… नाही, आत्ताच्या आत्ता!"

मागे वाघ गुरगुरला. त्याच्यापुढे वाघाचं काही चाललं नाही. फोन ठेवून तो आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. डिसेंबरात.

"काय झालं भिया?"

"घरातलं एक भांडण होतं. आयुष्यात पह्यल्यांदा काकाच्या वर तोंड केलं."

"कायसाठी?"

"दुसऱ्याच्या पायासाठी," तो म्हणाला, आणि पुढे चालू लागला. कोणाच्या, असं मी विचारणार होते. पण तेवढ्यात पंचफुला माझा हात ओढून बर्फाच्या गोळ्यापाशी घेऊन गेली.

गोळ्यानं सगळ्यांच्या जिभा लाल झाल्या. त्यानं जीभ काढून दाखवली, मी दाखवली. दीपा म्हणाली, "लहान आहात का दोघं?" मग पोरी पाण्याच्या घसरगुंडीवर गेल्या, आणि दीपानं आम्हा दोघांना आकाशपाळण्याकडे ढकललं.

"मले चक्कर येते. तुमी भाऊ-बहीण बसा."

भाऊ-बहीण या शब्दावर तिनं जरा जास्तच जोर दिला.

पाळणा हलला. खालची माणसं बारीक होत गेली. शेतं पसरत गेली. वेचणीला आलेला कापूस… चहूकडे पांढरं, त्यातून डांबरी रस्त्याची एकच काळी रेघ. वारा होता. माझी वेणी सुटत चालली होती.

तो माझ्याकडे पाहत होता.

"काय पाह्यतो, भिया?"

"कापूस आहे तुह्या केसात. सकाळचा."

"काढ मंग."

त्याचा हात वर आला… आणि माझ्या कानापाशी येऊन थांबला. बोटं हवेतच राहिली. मग त्यानं हात मागे घेतला.

"राहू दे," तो म्हणाला. "सकाळी मले काका केलंतं. आता तू काकू दिसून राह्यली."

मी हसायला तोंड उघडलं, आणि हसू तोंडातच अडकलं. काका… काकू? भाऊ असं बोलतो काय? माझे कान तापले. पाळणा नेमका सगळ्यांत वर पोचला आणि खालची माणसं चढवायला थांबला. तसाच झुलत.

खालून पार्कचा भोंगा घरघरला.

"लक्ष द्या. वाघाच्या चौथऱ्यावर एक मोबाइल सापडला आहे. मोबाइलच्या कव्हरमध्ये आधार कार्ड आहे. नाव – शाम डोंगरसिंग पवार, राहणार घाटंजी. शाम डोंगरसिंग पवार यांनी गेटवर येऊन…"

"अगं माय!" मी दोन्ही हातांनी पाळण्याचा दांडा धरला. "इथंच आहे तो! भिया, तो इथंच आहे! माह्या मागावर आला वाटते! कोणता असन?" मी खाली वाकून माणसांच्या डोक्यांवरून नजर फिरवू लागले. "तो टोपीवाला? तो लठ्ठ? सांग ना भिया—"



मी वळून पाहिलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते. एक हात शर्टाच्या खिशावर होता. खिसा रिकामा होता.

वाघाचा चौथरा. फोन. काका. दुसऱ्याच्या पायासाठी…

कुणी पाळण्याची खीळ काढली असती, तरी मी इतकी हादरले नसते. तोंडातून एकच शब्द निघाला.

"तुमी?"

तो त्या शब्दानंच दचकला. सकाळपासून तो 'तू' होता.

"सकाळीच सांगतलंतं मी," तो घाईघाईनं म्हणाला. "उकंडाची पाठ धरली, त्याच्या जागी मी आलो. शर्ट त्याचा आहे. भोंगा ओरडला, तुले ऐकू आलं नाही."

"भोंगा दिवसभर ओरडत होता काय?"

"नाही."

"मंग?"

"मंग चहा झाला." त्यानं डोळे उघडले. "चहाच्या आधी वाटलं, सांगू सावकाश, गंमत आहे. चहानंतर हिंमतच झाली नाही."

"माहं नाव नव्हतं माहीत तुमाले? मी राठोड म्हटलं, फुलसावंगीकडची म्हटलं!"

"अंजू राठोड तिकडं प्रत्येक तांड्यात दोन आहेत. आणि खरं सांगू… फोटो मीही पाह्यला नव्हता."

मला काय करावं ते सुचेना. उठून जावं, तर खाली पन्नास फूट हवा. ओरडावं, तर खाली सगळ्या पोरी. मी दांड्यावर मूठ आपटली.

"मी तुमाले गंगीचं सांगतलं! दीपाले सांगतलं नाही ते तुमाले सांगतलं! भाऊ समजून सांगतलं. तुमी ते… तुमी ते चोरलं माह्यापासून!"

"हव," तो म्हणाला. "चोरलं."

नाही म्हणाला असता, तर भांडता आलं असतं. या 'हव'पुढे माझी मूठच सैल झाली.

पाळणा पुन्हा फिरू लागला. आम्ही खाली आलो, खालून वर गेलो. फिरवणाऱ्याला काय ठाऊक, कुणाला उतरायचं आहे. दुसऱ्या फेरीत तो बोलला, माझ्याकडे न पाहता, कापसाच्या शेतांकडे पाहत.

"ती अट काकानं घातलती. मले आज, बाभळीखाली, तुह्या तोंडून कळली. माह्या नावावर, माह्याच घरातून, आणि मलेच ठाऊक नाही. अंपायर आहे मी, अंजू. आयुष्य मैदानावर उभं राहून काढून राह्यलो, आणि बायकोले म्हणन का मैदान सोड? काकाले म्हटलं, आत्ताच्या आत्ता हिरासिंगभाऊले फोन लाव, सांग, अशी काही अट नाही."

"माह्या 'हव'साठी?"

"नाही. तू खुशाल नाही म्हण." त्याचा आवाज बसला. "पण मैदानाच्या नावानं म्हणू नको. फोटो न पाहता म्हणू नको. हा मी इथं बसलो आहे. एकदा नीट पाह्य, आणि मंग म्हण – हा माणूस मले आवडला नाही. तेवढं मी ऐकून घेईन."

मी पाहिलं नाही. मान खालीच ठेवली. पण त्याच्या हाताची बोटं मला दिसत होती. दिवसभर हजार नजरांसमोर न कापता निकाल देणारी ती बोटं आता दांड्याचा रंग खरवडत होती.

खाली दीपा उभी होती. तिनंही भोंगा ऐकला होता. माझा चेहरा पाहिला, त्याचा पाहिला, त्याच्या पाठीवरचं राठोड पाहिलं, आणि तिच्या हातातला गोळा काडीवरून निसटून धप्पकन तिच्या चपलेवर पडला.

"हा?" ती म्हणाली. "हा तो?"

"मोबाइल घेऊन येतो," तो म्हणाला, आणि मान खाली घालून गेटकडे चालू लागला.

*

पाच वाजले. पोरी बसमध्ये चढत होत्या, ओल्या केसांनी, लाल जिभांनी. मी बसच्या सावलीत उभी होते. तो दहा पावलांवर होता, मोबाइल हातात धरून. जवळ येत नव्हता, दूरही जात नव्हता.

फोन वाजला.

"बोल बाई," बा म्हणाला. "काय कळवू त्यायले?"

मी वर पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं, त्यानं सांगितलं होतं तसं. उन्हानं रापलेलं कपाळ. हनुवटीवर चेंडू लागल्याची जुनी खूण. आणि निकाल ऐकायला उभ्या असलेल्या पोरासारखा तो आखडलेला उभा.

"बा… येऊ दे त्यायले रविवारी."

"काय म्हटलं?"

"येऊ दे म्हटलं. पण मी मैदान सोडणार नाही, हे पुन्यांदा सांग."

"अवो, दुपारीच फोन आलता त्यायचा. अट-फिट काही नाही म्हणे, बोलण्यात चूक झाली. मले तं समजूनच नाही राह्यलं." बाचा आवाज गोंधळला होता. "फोटो पाह्यला वाटते मंग?"

"नाही पाह्यला."

"फोटो न पाहताच हव म्हणून राह्यली? बाई, बरी आहेस ना?"

"आवाज नाही येऊन राह्यला बा, ठेवते."

मी फोन ठेवला. तो दहा पावलं ओलांडून आला. आता त्याला हसायचं होतं, पण हसू ओठांपर्यंत येऊन कचरत होतं.

"रविवारी येईन मी, याडीले घेऊन, काकाले घेऊन," तो म्हणाला. "तू चहा घेऊन बाहेर येशीन. दिवसभराची सवय आहे तुले… साऱ्या तांड्यासमोर भिया म्हटलं, तं सोयरीक तिथंच मोडन. जमन ना, भिया न म्हणायला?"

बसच्या खिडकीतून दीपा आणि पंचफुला डोकी काढून पाहत होत्या. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मला लाज वाटत होती, राग अजून पुरता गेला नव्हता, आणि या दोहोंच्या खाली जे होतं ते मी सकाळपासून दाबून ठेवलं होतं. ते आता मला धरवेना.

"एक सांगू?" मी म्हटलं.

"सांग."

"दिवसभर मी भिया, भिया म्हणत होती ना… ते तुले नव्हती म्हणत, शाम." मी पायरीचा दांडा घट्ट धरला. "माह्या मनाले म्हणत होती. ते ऐकूनच नव्हतं राह्यलं."